न कापलेली कड

मराठी मध्यमवर्गीय घरात जेवणाचं टेबल तसं उशिराच आलं. खुर्ची आधी आली, कारण पाहुण्याला बसवायचं असे. लिहिण्याचं टेबल त्यानंतर आलं, कारण मुलांनी शिकून मोठं व्हायचं असे. जेवण मात्र पाटावरच राहिलं. आमच्या कोकणातल्या घरी बारा पाट होते. चार पाटांना पितळी फुलं ठोकलेली होती, ते जावई आणि व्याह्यांसाठी राखीव. बाकीचे आठ साधे, फणसाच्या लाकडाचे, वर्षानुवर्षं घासून मधाच्या रंगाला आलेले. त्यांची निवड अशी कोणी केली नव्हती. वाडीतला फणस पडला की त्याचे पाट होत, एवढंच.

टेबल आलं ते फ्लॅटबरोबर, आणि येताना सनमायका पांघरूनच आलं. त्याखाली प्लायवुड आहे की भुशाचा तक्ता, हे कोणी विचारत नसे. वर मात्र लाकडाच्या रेषा छापलेल्या असत. लाकडावर लाकडाचं चित्र चिकटवायचं आणि ‘पुसायला किती सोपं’ म्हणून समाधान मानायचं, अशी आमची पिढी. त्या टेबलांनी आमची सेवा चोख केली, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या टेबलावर दोन मुलांचे अभ्यास, माझ्या तीन कादंबऱ्या आणि हजारो पोळ्या झाल्या, आणि त्याने कधी कुरकुर केली नाही.

आता वारं फिरलं आहे. फर्निचरच्या दुकानात सगळ्यात दर्शनी जागी एक जाड, अखंड फळी मांडलेली असते. तिच्या दोन लांब कडा करवतीने सरळ केलेल्या नसतात; खोडाची जशी वळणं होती, तशीच त्या कडेला ठेवलेली असतात. दुकानदार तिला ‘लाइव्ह एज’ म्हणतो आणि किंमत सांगताना आवाज जरा खाली आणतो. आमचे सुतार हे ऐकून हसतात. कड मारून फळी सरळ करणं हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं काम, उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकलेलं. ते म्हणाले, “साहेब, आम्ही आयुष्यभर जी कड जाळायला दिली, ती तुम्ही आता सव्वा लाखाला घेता.”

हसण्यावारी नेलं तरी त्यांच्या बोलण्यात या विषयाचं मर्म आहे. झाड जाडीने वाढतं ते सालीच्या लगत आतून, दरवर्षी बाहेरच्या बाजूने. म्हणजे खोडाच्या मध्यावर झाडाचं बालपण असतं आणि कडेला त्याची अगदी शेवटची वर्षं. मधला गडद भाग हा गाभा. तो केव्हाच काम थांबवून टणक झालेला असतो, आणि सागासारख्या झाडात किडीला नकोसे वाटणारे पदार्थ त्यात साठलेले असतात. कडेचा पांढरट पट्टा मात्र झाड पडलं त्या दिवसापर्यंत मुळांचं पाणी वर नेत होता. त्यात पिष्ट असतं. भुंग्याची पिठूळ भुसा पाडणारी जी कीड असते, तिचं खाद्य हेच. सागवानाचा असो की आंब्याचा, पांढरा पट्टा तिला सारखाच प्रिय. तेव्हा ज्या कडेसाठी आपण जादा पैसे मोजतो, तीच त्या लाकडाची सर्वांत कच्ची बाजू असते. सुतार ती जाळायला देत होते ते अडाणीपणाने नव्हे.

म्हणून असं टेबल घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. मी घेतलं आहे. पण घेताना आकारावर भाळून चालत नाही. लाकडाची विचारपूस करावी लागते. आणि विचारपूस हा माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचा धंदाच होता.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूर जिल्ह्यात आमच्या बँकेच्या एका शाखेत होतो. बल्लारशा, आलापल्ली ही सागवानासाठी नावाजलेली गावं. वनखात्याच्या बल्लारशाच्या आगारात लाकडाचे लिलाव होत. (अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये सागवान गेलं ते इथलंच.) आमच्या शाखेने काही सॉ मिलना खेळत्या भांडवलासाठी कर्ज दिलं होतं आणि तारण होतं वखारीतलं लाकूड. दर महिन्याला जाऊन ते मोजायचं, हे माझं काम. पुस्तकातल्या आकड्यांशी ओंडके जुळवायचे तर ओंडके वाचता यायला हवेत. ते मला एका मिलच्या वयस्क मुनीमजींनी शिकवलं. ओंडक्याच्या घेराला चाराने भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, झाले घनफूट. मी पदवीधर, मला वाटलं हे गणित चुकतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ काही असं निघत नाही. खरोखरच या हिशेबाने लाकूड शेकडा एकवीस-बावीसने कमी भरतं. मुनीमजी म्हणाले, “ते आम्हालाही माहीत आहे. तेवढं करवत खाते.”

त्यांनीच मला दुसरी एक गोष्ट शिकवली. लाकूड वरून बघायचं नाही, टोकाकडून बघायचं. वरून सगळीच फळी देखणी असते. टोकावर तिचा स्वभाव कळतो. खोडाचा अगदी मधला मऊ बिंदू फळीत आला असेल, तर ती फळी आज ना उद्या तिथे उभी फाटणार. टोकावर वर्तुळांच्या कमानी दिसत असतील, तर वाळताना त्या सरळ व्हायला बघतात आणि फळीला तसा बाक येतो. पांढरा पट्टा किती रुंद आहे, चीर जुनी काळपट आहे की ताजी पांढरी, हे तिथेच दिसतं. आजही दुकानात गेलो की मी आधी टेबलाच्या टोकाशी उकिडवा बसतो. विक्रेत्याला वाटतं, आजोबांचं काही पडलं.

आता मी या वयात टेबलाच्या शोधात का निघालो ते सांगतो. २०१९ मध्ये माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. सनमायकाचं टेबल तोवर निवृत्त झालं होतं. मुलं आपापल्या घरी गेल्यावर आम्ही दोघं पुन्हा खाली बसून जेवू लागलो होतो. ते बंद झालं. ती कोचावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा. चाळीस वर्षं एकत्र जेवलेली दोन माणसं घरातल्या दोन कोपऱ्यांत जेवायला लागली की जेवणाची वेळही दोन होते, आणि मग बोलणंही. याला कोणी भांडण म्हणत नाही, म्हणून ते मिटवायलाही कोणी येत नाही.

त्यानंतर ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौलं उडाली, आणि आमच्या मागल्या अंगणातला फणस मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेला. लॉकडाऊनमुळे आम्ही तिथे लगेच पोचू शकलो नाही. चुलतभावाने फोन केला तो दोन गोष्टी सांगायला: काकू सुखरूप आहेत, आणि फणसाला सरपणाचं गिऱ्हाईक आलं आहे. काय करायचं?

मुनीमजींची आठवण मला तेव्हा झाली. खोड साठ वर्षांवरचं, सरळ, छातीशी अडीच-पावणेतीन फूट जाड. फणसाचं लाकूड सागाइतकं टिकाऊ नाही, पण त्याच्या जवळपास येतं. कोकणातल्या घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि तंजावरची वीणा याच लाकडाची होते. मी सांगितलं, देऊ नका. पावसाळा सरला की मिलवर नेऊ. फणस हे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड. वाऱ्याने पडलं तरी वनखात्याच्या कचेरीत विचारून, लागतील ते कागद करूनच आम्ही ओंडका हलवला. याचा कंटाळा करू नये. दुकानातून घेणाऱ्यानेही हे झाड कुठलं, कधी पडलं आणि कोणत्या कागदावर आलं, हे विचारावं. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर ते सौजन्याने लक्षात ठेवावं आणि पुढच्या दुकानात जावं.

मिलवाल्यांना घराजवळची झाडं आवडत नाहीत. त्यांत खिळा असतोच. आमच्या फणसात वाळत घालण्याच्या दोरीचा होता, कोणी मारला देव जाणे. झाडाने तो गिळून टाकला होता. तिसऱ्या कापाला पट्टा-करवतीचे दात गेले आणि त्याचे पैसे आम्ही भरले. खिळ्याभोवती लोखंडाचा काळा डाग लाकडात विताएवढा पसरलेला निघाला. अडीच इंच जाडीच्या सात फळ्या पडल्या.

आणि इथे या विषयातला खरा प्रश्न येतो, तो म्हणजे वेळ. ताज्या लाकडात पाणी असतं, पुष्कळ असतं. जुना ठोकताळा असा की सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं तर इंचाला एक वर्ष. म्हणजे आम्हाला अडीच-तीन वर्षं. भट्टीत वाळवलं तर काम महिन्यांवर येतं, पण एवढी जाड फळी भट्टीत घाईने घातली की बाहेरून सुकते आणि आतून फाटते. मी पासष्टीला टेकलेला, पत्नी त्रेसष्टची. या वयात तीन वर्षांचा वायदा करणं म्हणजे बँकेच्या भाषेत जरा धाडसाचं. मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि दुकानातून तयार टेबल आणण्याचा पर्यायही पुढे ठेवला. ती म्हणाली, “तीन वर्षांनी मी कुठे जाणार आहे?”

तरी दुकानं आम्ही पाहिलीच. सूनबाई घेऊन गेल्या. त्यांना त्यांच्या घरासाठीही हवं होतं. पुण्यात चार ठिकाणी फिरलो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येही जाऊन आलो. तिथे फळी निवडून आपल्या सुताराकडून टेबल करून घेता येतं, आणि दुकानाच्या काचेचं भाडं किमतीतून वजा होतं.

या फिरण्यात एक मौज कळली. मोठमोठ्या फळ्यांवर ‘सुअर’ किंवा ‘मंकीपॉड’ असं परदेशी नाव असतं. ते झाड म्हणजे आपल्या शहरांच्या रस्त्याकडेला छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष, रेन ट्री. मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. पण मुंबई-पुण्यात तीन पिढ्यांनी त्याच्या सावलीत बसची वाट पाहिली आहे. याचं खोड प्रचंड होतं आणि लाकूड वाळताना फारसं आकसत नाही, म्हणून अखंड रुंद फळ्यांसाठी त्याला मागणी. लाकूड वाईट नाही, मऊपणाकडे झुकतं एवढंच. मात्र त्याचे पैसे शिसवीच्या भावाने देऊ नयेत. शिसवी हे निराळंच प्रकरण. २०१७ पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या जातींचा देशाबाहेरचा व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियमांखाली आहे, तेव्हा अमेरिकेतल्या मुलीला भेट म्हणून शिसवी टेबल धाडण्याचा बेत असेल तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी. आंबा स्वस्त आणि रेषांनी देखणा, पण कीड त्याच्यावर टपलेलीच. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारल्याशिवाय आंबा घेऊ नये. बाभळीचं लाकूड भारी, चिवट, बैलगाडीच्या चाकाचं; त्याच्या फळ्या अरुंद मिळतात, पण मिळाली तर माझ्या मते त्यासारखी गोष्ट नाही.

सूनबाईंचं मन बसलं होतं ते ‘रिव्हर टेबल’वर. दोन फळ्यांच्या वाकड्या कडा आतल्या बाजूला समोरासमोर ठेवतात आणि मधल्या फटीत निळं किंवा काळं इपॉक्सी रेझिन ओततात. जणू दोन काठांमधून नदी. मला तो प्रकार रुचत नाही. लाकूड हवेबरोबर हलतं, रेझिन हलत नाही. उन्हात ते पिवळं पडतं. आणि साधं रेझिन उकळत्या पाण्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला मऊ पडतं, म्हणजे गॅसवरून उतरवलेला कुकर त्यावर ठेवायची सोय नाही. हे मी सगळं सांगितलं. सूनबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “बाबा, पण त्यात वाकडी कड मधे जाते आणि बाहेरची सरळ राहते. लहान मुलाची खुर्ची नीट लागते. शिवाय पुसता येतं.” हा मुद्दा निरुत्तर करणारा होता. ज्या घरात दीड वर्षाचं मूल वरण सांडतं, त्या घराचा विचार त्यांनी केला होता. त्यांनी अखेर रिव्हर टेबल घेतलं नाही, पण ते माझ्यामुळे नव्हे. त्यांच्या लिफ्टमध्ये ते मावेना.

मापांबद्दल इथेच सांगून टाकतो. जेवणाऱ्या माणसाला टेबलाची दोन फूट लांबी लागते. टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत तीन फूट मोकळे हवेत, तरच खुर्ची मागे सरकते आणि मागून वाढणारा जातो. म्हणजे तीन फूट रुंदीच्या टेबलाला नऊ फूट रुंदीची खोली लागते, त्यात कपाट नको. वाकड्या कडेच्या टेबलाची रुंदी सांगताना दुकानदार सर्वांत रुंद ठिकाणी मोजतो. आपण सर्वांत अरुंद ठिकाणी मोजावं. समोरासमोर दोन ताटं आणि मधे आमटीचं पातेलं राहायचं तर तिथे तीस इंच हवेतच. उंचीही तीस इंच पुरे. फळी दोन इंच जाड आणि तिच्याखाली पुन्हा आडव्या पट्ट्या असतील, तर आपल्या मांड्या जातात का, हे खुर्ची ओढून बसूनच पाहावं. सहा फूट बाय तीन फूट बाय दोन इंच म्हणजे तीन घनफूट. सागवान धरलं तर पंचावन्न किलो, पाय वेगळे. तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्या माणसांशी हा हिशेब आधी बोलावा.

या टेबलांना जगभर जी प्रतिष्ठा मिळाली, तिचं मोठं श्रेय जॉर्ज नाकाशिमा या माणसाला आहे, आणि त्याची कथा भारताशी जोडलेली आहे. जन्म १९०५ चा, अमेरिकेत, जपानी आई-वडिलांच्या पोटी. शिक्षणाने वास्तुविशारद. १९३७ मध्ये तो पाँडिचेरीला आला तो अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासाचं बांधकाम पाहायला. सागाचे सरकते दरवाजे असलेली ती इमारत आजही उभी आहे. तिथे तो साधक झाला, त्याला ‘सुंदरानंद’ हे नाव मिळालं. पुढे अमेरिकेत परतला आणि महायुद्ध पेटलं. जपानी वंशाचा म्हणून १९४२ मध्ये सरकारने त्याला, पत्नीला आणि तान्ह्या मुलीला आयडाहोच्या माळावरच्या मिनिडोका छावणीत डांबलं. काटेरी तारेच्या आत त्याला गेंतारो हिकोगावा हा जपानी सुतारकाम जाणणारा कारागीर भेटला, आणि टाकाऊ लाकडावर नाकाशिमा हत्यारं चालवायला शिकला. सुटल्यावर पेनसिल्व्हेनियात न्यू होप इथे त्याने कारखाना काढला. फळीला भेग असली तर तो ती बुजवत नसे. तिच्यावर आडवी, दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक अशी लाकडी गुल्ली बसवून भेग तिथेच थांबवत असे आणि ती सगळ्यांना दिसू देत असे. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचरचे नमुने तयार केले. १९९० मध्ये तो गेला. छावणीत नेलेल्या त्या तान्ह्या मुलीने, मीराने, पुढे कारखाना सांभाळला.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्या गुल्लीसाठी. आमच्या सुतारांना चित्र दाखवलं तर म्हणाले, “हा डमरू. यात काय नवीन?” दार फाटलं की तेही हेच करत आले होते, फक्त आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाही असं.

आमच्या फळ्या गावी पडवीच्या आडोशाला रचल्या होत्या. जमिनीपासून दीड फूट उंच, दर दोन फळ्यांमधे एका जाडीच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासलेला. कारण लाकडातलं पाणी टोकांतून भराभर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. साल आम्ही पहिल्याच थंडीत बोथट पटाशीने सोडवली. साल ठेवलेली कड दिसते झकास, पण लाकूड आकसलं की ती सुटतेच आणि तोवर तिच्या आड किडे संसार थाटतात. काकू रोज सकाळी फळ्यांकडे एक फेरी मारत. त्यांचं वय तेव्हा शहाऐंशी. मधली फळी, जिच्यात खोडाचा मध्यबिंदू होता, ती पहिल्याच उन्हाळ्यात उभी दुभंगली. मुनीमजींना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

लाकूड वाळलं कधी म्हणायचं? ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. दोन सुया टोचल्या की आकडा दाखवतं. पण त्या सुया जेवढ्या खोल जातात तेवढंच त्याला कळतं, जाड फळीच्या पोटातलं नाही. पुण्याच्या घरात ठेवायचं लाकूड दहा-बारा टक्क्यांवर आलेलं असावं. दुकानात आपल्यासमोर तीन-चार ठिकाणी, शक्य तर खालच्या अंगाला, टोचून दाखवायला सांगावं. आम्ही गावी याहून जुनी रीत वापरली: वजन. आमच्याकडची रोठा सुपारी प्रसिद्ध, तेव्हा सुपारीच्या व्यापाऱ्याकडे पोती तोलायचा काटा होताच. दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात चार माणसं लावून आमची निवडलेली फळी त्या काट्यावर ठेवायची. पहिल्यांदा एकशे नऊ किलो भरली. मग ब्याण्णव, ब्याऐंशी, शहात्तर. २०२३ च्या दिवाळीत एकाहत्तर, आणि २०२४ च्या मेमध्ये पुन्हा एकाहत्तर. म्हणजे अडतीस किलो पाणी, तीन वर्षांत, पडवीतून कोणाला न दिसता उडून गेलं. वजन उतरायचं थांबलं त्या दिवशी मी सुतारांना फोन केला.

फळी कोणती निवडायची, हे आम्ही पत्नीवर सोडलं होतं. तिने सगळ्यांत रुंद किंवा सगळ्यांत रेषांची निवडली नाही. खिळ्याच्या काळ्या डागाची निवडली, कारण तिच्या एका कडेला, जिथे खालची फांदी फुटत होती, तिथे वितभर आतवर वळण होतं. ती तिथे खुर्ची लावून बसली, दोन्ही तळवे त्या वळणावर टेकवले आणि उठली. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली. गुडघे गेलेल्या माणसाला टेबल हे फक्त ताट ठेवायला लागत नाही. जेवून उठताना त्याच्यावर भार द्यावा लागतो. त्यानंतर आम्ही सुतारांशी बोललो ते सगळं याच हिशेबाने. पाय टोकांपासून फार आत घ्यायचे नाहीत, नाहीतर टोकाशी जोर दिला की टेबल उलटतं. वळणाची वरची धार गोल मारायची, हाताला लागू नये. पांढऱ्या पट्ट्याला बोरॅक्स-बोरिकचं पाणी दोनदा. आणि पायांच्या चौकटीला फळी घट्ट आवळायची नाही. स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवायची. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. आवळून बांधली तर ती स्वतःला फाडून मोकळी होते.

पॉलिशवरून थोडा वाद झाला. सुतारांना चकचकीत पीयू हवं होतं. पाणी, आमटी काही आत जात नाही. खरं आहे. पण ते एका जागी उडालं की सगळं टेबल पुन्हा घासावं लागतं. आम्ही जवसाचं तेल आणि मेण घेतलं. वर्षातून एकदा घरच्या घरी हात फिरवता येतो. (खोबरेल किंवा गोडंतेल वापरू नये, ते कधी सुकत नाही आणि वास मारतं. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळत घालाव्यात.) हळदीचे डाग पडतात. खिडकीजवळ ऊन येतं, तिथले महिनाभरात फिके होतात. भिंतीकडचे राहिले आहेत.

नवं कापलेलं फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं, हळदीच्या अंगासारखं. पहिले काही महिने आमच्याकडे येणारे लोक रंग दिला आहे का, असं विचारत. आता ते गडद होऊ लागलं आहे. कधीतरी पाटांच्या रंगावर येईल.

बँकेची सवय म्हणून मी एक वही ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी टेबलाची रुंदी त्याच एका ठिकाणी, काळ्या डागाच्या वर, मोजून लिहितो. २०२५ च्या मे महिन्यात ८३४ मिलिमीटर. ऑगस्टअखेर ८३९. पत्नीला यात काही विशेष वाटत नाही. पावसाळ्यात तिची बोटंही सुजतात, म्हणते. सूनबाईंनी स्वतःच्या घरासाठी सरळ कडेचं साधं सागवानी टेबल करून घेतलं, पाच फुटी, आणि त्यांच्या घराला तेच शोभतं.

गावी पडवीत तीन चांगल्या फळ्या अजून रचलेल्या आहेत. चुलतभाऊ तीन, पण त्यांतल्या दोघांच्या घरी त्या मावणार नाहीत, आणि तिसऱ्याला गावातच राहायचं आहे. काकूंचं म्हणणं आहे की एका फळीचे पाट करा, बारांपैकी आता सातच उरले आहेत. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा ठरेल. सुपारीवाल्याला काटा मोकळा ठेवायला सांगितलं आहे.